पाटी पुसून देणे

गेल्या गणपतीत नाटे गावी घरी गेलो होतो. आरती आटोपली, पाऊस लागला, वीज गेली, आणि पुण्याहून आलेला भाचा ओटीवर माझ्या शेजारी येऊन बसला. तो संगणकाच्या क्षेत्रात आहे एवढे मला ठाऊक होते. नेमके काय करतो हे मी आजवर कधी विचारले नव्हते. घरातल्या तरुण मुलांच्या कामाविषयी आपण जे अज्ञान बाळगतो त्यात थोडा आदर असतो आणि बराच आळस. त्या रात्री दुसरे काही करण्यासारखे नव्हते म्हणून विचारले. तो म्हणाला, "मामा, सध्या कर्नेलमधल्या एका चुकीच्या मागे आहे." मी 'कर्नल' असे ऐकले आणि याचा लष्कराशी काय संबंध, असे विचारून बसलो. घरातल्या इतरांनी त्यावर भरपूर हसून घेतले. तो मात्र हसला नाही. "मराठीच्या माणसाला कळेल असं सांगतो," म्हणाला, आणि पुढचा अर्धा तास त्याने खरोखरच तसे सांगितले.

कर्नेल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. संगणकावर एकाच वेळी अनेक प्रोग्राम चालू असतात आणि प्रत्येकाला लिहायला-पुसायला जागा, म्हणजे मेमरी, लागते. ही जागा कोणाला किती द्यायची, कोणाकडून परत घ्यायची आणि एकाची जागा दुसऱ्याला दिसू द्यायची नाही, हा सगळा कारभार कर्नेल पाहतो. त्याला सर्व काही दिसते. बाकीच्यांना फक्त आपापले. काम संपले की प्रोग्राम निघून जातो आणि त्याची जागा कर्नेलकडे परत येते. मात्र जागा परत आली म्हणून तिच्यावरचे लिखाण जात नाही. कोणीतरी मुद्दाम तिथे शून्ये लिहीपर्यंत जुने लिखाण जसेच्या तसे राहते. भाड्याची खोली सोडताना भाडेकरू कुलूप लावून किल्ली देतो, पण भिंतीवरच्या खिळ्याला त्याचे कॅलेंडर राहतेच, तसे.

एखाद्या प्रोग्रामला नवी जागा देताना कर्नेल ती शून्यांनी भरून देतो, ही शिस्त जुनी आहे. घोटाळा होतो तो कर्नेलने स्वतःच्या कामासाठी घेतलेल्या जागेत. एखाद्या प्रोग्रामने काही माहिती मागितली की कर्नेल आपल्याकडचा एक तुकडा घेतो, त्यावर तक्ता आखल्यासारखी उत्तरे भरतो आणि तो तुकडा उचलून मागणाऱ्याच्या हवाली करतो. रकाने सगळे भरले असतील तर प्रश्न नाही. पण एखादा रकाना भरायचा राहिला, तर त्या जागी आधी जे काही लिहिलेले होते तेच सोबत जाते. ते निरर्थक अंक असतील, दुसऱ्याच्या पत्राचा तुकडा असेल, किंवा पासवर्डही असेल. कोणी काही चोरलेले नसते. मागणाऱ्याने रीतसर मागितलेले असते आणि देणाऱ्याने रीतसर दिलेले असते. फक्त देण्याआधी पुसलेले नसते.

त्याने एक जुने उदाहरण दिले, ते मी नंतर स्वतः वाचून पाहिले. लिनक्सवर फाइली मांडून ठेवण्याची 'ईएक्सटी-२' नावाची एक पद्धत आहे. तीत नवी डिरेक्टरी, म्हणजे नवा रिकामा कप्पा, केला की त्यासाठी डिस्कवर एक ठोकळा राखला जातो. बहुधा ४०९६ बाइटचा. रिकाम्या कप्प्यातही दोन नोंदी कराव्याच लागतात: एक स्वतःची, 'मी हा', आणि एक वरच्या कप्प्याची, 'मी याच्या पोटातला'. त्या दोन नोंदींना प्रत्येकी १२ असे २४ बाइट पुरतात. उरलेले ४०७२ बाइट कर्नेलने पुसलेच नव्हते. त्याच्या मेमरीत त्या क्षणी जे पडलेले होते ते रिकाम्या म्हणवणाऱ्या कप्प्याबरोबर डिस्कवर लिहिले जात होते. पेन ड्राइव्हवर असा कप्पा करून तो कोणाला दिला, तर आपल्याला ठाऊकही नसलेले आपले काही त्याच्या हाती जाऊ शकत होते. मार्च २००५ मध्ये ही चूक दुरुस्त झाली. तिची नोंद सीव्हीई-२००५-०४०० या क्रमांकाने झालेली आहे. दुरुस्तीचे सार एवढेच, की आधी सगळा ठोकळा शून्यांनी भरा आणि मग त्या दोन नोंदी करा.

याहून मजेशीर प्रकार २००३ साली उघडकीला आला होता. इथरनेटच्या जाळ्यातून पाठवायच्या पाकिटाला किमान आकाराची अट असते. आतला मजकूर ४६ बाइटांपेक्षा कमी भरला तर उरलेली जागा भरून काढावी लागते. ती शून्यांनी भरावी असा संकेत होता. पण जाळ्याचे यंत्र चालवणारे कित्येक प्रोग्राम ती हाताला लागेल त्या रद्दीने भरत होते, आणि ही रद्दी म्हणजे आधीच्या पाकिटांतले किंवा कर्नेलच्या मेमरीतले तुकडे. पार्सलमध्ये काच हलू नये म्हणून कोंबलेल्या कागदावर कोणाचे तरी घरगुती पत्र निघावे, तसा हा प्रकार.

"आणि ही जागा नेहमी मोठीच असते असं नाही," भाचा म्हणाला. कधीकधी ती दोन रकान्यांच्या मधली तीन-चार बाइटांची असते. एक बाइटाची नोंद आणि तिच्यानंतर चार बाइटांची नोंद असेल, तर दुसरी सोयीच्या सीमेवर सुरू व्हावी म्हणून मध्ये तीन बाइट मोकळे सोडले जातात. प्रोग्राम लिहिणाऱ्याने ते सोडलेले नसतात. कंपायलर परस्पर सोडतो. लिहिणाऱ्याने प्रत्येक रकाना प्रामाणिकपणे भरला तरी या मोकळ्या फटी तशाच राहतात आणि त्यांतून जुने झिरपते. मला एकदम आमच्या सातबाऱ्यावरचा 'पोटखराबा' आठवला. क्षेत्र आपलेच, मोजणीतही आलेले; पण लागवडीच्या हिशेबात ते नाही, म्हणून तिकडे कोणी पाहत नाही. मी तसे म्हटले तर तो खूश झाला. "मामा, हा शब्द मी ऑफिसात वापरणार," म्हणाला.

तो झोपायला गेला. मी मात्र ओटीवर बसून राहिलो, कारण त्याने सांगितलेली गोष्ट मला आधीपासून माहीत होती. ती माझ्या हातून घडलेली होती.

मी दुसरी-तिसरीत असतानाची गोष्ट. म्हणजे १९८०च्या दशकाचा उत्तरार्ध. आमच्या मराठी शाळेत वह्या आल्या होत्या, पण रोजचा सराव पाटीवरच चाले. ज्यांच्या घरी पाटी नव्हती किंवा फुटली होती त्यांच्यासाठी गुरुजींनी खिडकीच्या फळीवर पाच-सहा पाट्या ठेवल्या होत्या. गरजू मूल ती घरी नेई आणि दुसऱ्या दिवशी आणून फळीवर ठेवी. पावसाचे दिवस होते. माझी पाटी वाटेत निसटून दगडावर पडली आणि तिचा कोपरा गेला. गुरुजींनी फळीवरची वरचीच पाटी उचलून माझ्या हातात दिली. ती ओली होती आणि काळीभोर दिसत होती. ज्यांनी पाटी वापरली आहे त्यांना ठाऊक असेल, की ओल्या फडक्याने घाईत पुसलेली पाटी ओली असेपर्यंत स्वच्छ दिसते. वाळू लागली की पुसलेली अक्षरे पांढुरकी होऊन हळूहळू वर येतात. आम्ही पाटी हवेत हलवून वाळवत असू. मी हलवली, आणि अक्षरे वर आली.

ते मुलाचे अक्षर नव्हते. कष्टाने, जोर देऊन, एकेक अक्षर सुटे लिहिलेले होते. सगळे वाचता येत नव्हते. 'तीन महिने मनीऑर्डर' हे स्पष्ट होते. मग काही पुसट. मग 'लोक बोलतात ते खरे का', आणि अगदी खाली, चौकटीच्या लाकडाला टेकून, 'एवढे तरी कळवा'. त्या काळी आमच्या गावात अर्धीअधिक घरे मुंबईच्या मनीऑर्डरीवर चालत. नवरा गिरणीत, गोदीत किंवा कुठल्याशा खानावळीत. बायको इथे सासू-सासऱ्यांपाशी, चार गुंठे भाताशी. पत्राचा कागद विकतचा असे आणि चूक परवडत नसे, म्हणून कोणी आधी पाटीवर लिहून पाहत असेल, हे मला आज समजते. त्या दिवशी एवढेच समजले, की पाटीवर काहीतरी गमतीचे उमटले आहे आणि मला वाचता येते. वाचता येण्याचा अभिमान मला तेव्हापासूनच होता. मी उभा राहून ते मोठ्याने वाचले.

वर्ग हसला. सगळे का हसले कोण जाणे. अर्थ कळण्याचे वय नव्हते. दुसऱ्या ओळीतली एक मुलगी तेवढी हसली नाही. पाटी आदल्या दिवशी तिने नेली होती हे सगळ्यांना माहीत होते. ती रडलीही नाही. तिने दप्तर उचलून मांडीवर घेतले आणि शाळा सुटेपर्यंत ते तसेच घट्ट धरून ठेवले.

गुरुजी मारकुटे म्हणून प्रसिद्ध होते. मला मार बसेल अशी माझी खात्री होती. ते आले, माझ्या हातातून पाटी घेतली, कनवटीच्या रुमालाने आधी ओली आणि मग कोरडी पुसली, उजेडात तिरकी धरून पाहिली, पुन्हा पुसली. मग वर्गाला म्हणाले, "चूक माझी. मी पुसून द्यायला हवी होती." त्या दिवसापासून फळीवरची पाटी ते स्वतः दोनदा पुसून, वाळवून, पाहून मगच देत. आणि मुलांना सांगितले, की फळीवर ठेवतानाही पुसूनच ठेवायची.

लिनक्सच्या कर्नेलमध्ये २०१९ साली, ५.३ या आवृत्तीत, दोन नव्या सोयी आल्या. एक चालू केली की कर्नेल जागा देताना शून्ये भरतो. दुसरी चालू केली की जागा परत येताक्षणी शून्ये भरतो. भाच्याने हे सांगितले तेव्हा मी दचकलो, कारण हे गुरुजींचे दोन नियम होते. दोन्हींची किंमत वेगळी. देताना पुसण्याने वेग बहुतेक वेळा एक टक्क्याहूनही कमी घटतो; परत घेताना पुसणे थोडे महाग, तीन ते पाच टक्क्यांपर्यंत. पण दुसऱ्याचा फायदा असा, की गुपित गरजेपेक्षा जास्त वेळ पडून राहत नाही. वीज गेली की मेमरी तत्काळ कोरी होते हा समजही खरा नव्हे; अमेरिकेत प्रिन्स्टनच्या संशोधकांनी २००८ साली दाखवले, की वीज तोडल्यावरही चिपमध्ये अक्षरे काही सेकंद ते काही मिनिटे टिकतात, आणि चिप गार केली तर अधिक काळ. ती पाटीही सावकाशच पुसली जाते.

मग ही सोय आधीपासून का नव्हती? कारण प्रत्येक वेळी पुसायला वेळ लागतो, आणि ज्या सी भाषेत हे कर्नेल लिहिले गेले ती १९७०च्या दशकाच्या आरंभी अशा यंत्रांसाठी घडली जिथे एकेक सूचना मोलाची होती. फलनाच्या आत घेतलेल्या जागेत काय असेल याची ती भाषा हमी देत नाही. भरणे ही लिहिणाऱ्याची जबाबदारी. लिहिणारा विसरला तरी प्रोग्राम बिघडत नाही, व्यवस्थित चालतो, म्हणून चूक वर्षानुवर्षे कळत नाही. गूगलच्या एका संशोधकाने २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या कामात नव्याने घेतलेल्या प्रत्येक बाइटाला जणू रंग लावला आणि तो रंग न पुसता कर्नेलच्या बाहेर कुठे येतो यावर पाळत ठेवली. विंडोजच्या कर्नेलमध्ये अशा सत्तरहून अधिक गळती सापडल्या.

इथे आपल्यासारख्या साहित्याच्या माणसाची अडचण सुरू होते. पुसलेले वाचणे हाच तर आपला धंदा. आर्किमिडीजचे ग्रंथ उतरवलेली दहाव्या शतकातली चर्मपत्रे खरवडून तेराव्या शतकात त्यांवर प्रार्थना लिहिल्या गेल्या, आणि विसाव्या-एकविसाव्या शतकांत विद्वानांनी त्या प्रार्थनांखालचे गणित वाचले. एकनाथांनी १५८४ साली ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि इतिहासाचार्य राजवाडे त्या शुद्धीच्या मागची, जुनी प्रत शोधत राहिले. ती त्यांनी १९०९ साली छापली. फ्रॉइडने १९२५ साली मुलांच्या एका खेळण्यावर निबंध लिहिला. त्या पाटीचा वरचा पातळ पडदा उचलला की अक्षरे जातात, पण खालच्या मेणावर त्यांचे व्रण राहतात. मनही असेच, असे त्याचे म्हणणे. पुढे देरिदाने त्या निबंधावर दीर्घ विवेचन केले आणि 'ठसा' हा शब्द आपल्या वर्गांमध्ये रुळला. मी स्वतः एम.ए.च्या मुलांना अनेकदा सांगितले आहे, की कोरी पाटी कुठेच नसते. संहितेत जे पुसले गेले ते वाचायला शिका.

आणि हे खरेच आहे. आमच्या भोवतालच्या सड्यावरचा कातळ कागदोपत्री पडीक. पण त्याच राजापूर तालुक्यात बारसू, देवाचे गोठणे, देवीहसोळ, कशेळी येथल्या कातळावर माणसांनी आणि प्राण्यांनी भरलेली चित्रे कोरलेली आहेत, आणि २०२२ साली ती युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत गेली. रिकामे म्हणून शिक्का मारलेली जागा वाचता आली नसती तर आपण काय गमावून बसलो असतो!

मग पाटी वाचण्यात चूक काय होती? या प्रश्नाशी मी बराच काळ अडलो. फरक वाचण्यात नाही, असे आता वाटते. कातळावर कोरणाऱ्याला ते टिकायला हवे होते. पाटीवर लिहिणारीने ते पुसले होते. तिचा वाचक एकच होता, मुंबईत. आणि त्याच्यासाठीही तो केवळ कच्चा खर्डा होता. शिवाय ती हयात होती, आमच्या घरावरून पाण्याला जात होती. हजार वर्षांपूर्वीच्या लेखनिकाचे आपण काही बिघडवत नाही; शेजारणीचे बिघडवतो. ठसा या संकल्पनेवर बोलताना आपण बहुधा हे विचारतच नाही, की हा ठसा कोणाचा आहे आणि त्याला अजून दुखते का.

भाच्याच्या क्षेत्रात याविषयीचा एक संकेत आहे आणि तो मला आपल्या समीक्षेपेक्षा प्रौढ वाटला. गळती सापडलेल्या माणसाने ती चारचौघांत वाचून दाखवायची नाही. जो ती दुरुस्त करू शकतो त्याला आधी खासगीत कळवायचे, त्याला मुदत द्यायची, आणि दुरुस्ती झाल्यावर मग जगाला सांगायचे. सगळेच हा संकेत पाळतात असे नाही, मुदत किती असावी यावर भांडणेही होतात. पण तो आहे. त्याच्या भाषेत, पुसण्याची जबाबदारी कारभाऱ्याची, आधीच्या वापरणाऱ्याची नव्हे. माझ्या गुरुजींनी नेमके तेच म्हटले होते. परंतु वाचणाराही मोकळा सुटत नाही. मला करण्यासारखी गोष्ट अगदी सोपी होती. उठायचे, पाटी गुरुजींच्या टेबलावर उपडी ठेवायची आणि म्हणायचे, "गुरुजी, नीट पुसली नाही."

ही केवळ बालपणीची चूक असती तर मी हा लेख लिहिला नसता. आपल्यापैकी जे तपासणी केंद्रावर बसतात त्यांना ठाऊक आहे, की उत्तरपत्रिकांच्या शेवटच्या पानांवर काय काय असते. 'सर, पास करा, घरी लग्न ठरवतील.' 'वडील वारले, अभ्यास झाला नाही.' पुरवणीच्या मागे पेन्सिलीने लिहून खोडलेले एखादे नाव. उत्तरांच्या हिशेबात ती जागा नसते, तो पोटखराबा. आणि चहाच्या वेळी आपण काय करतो? कोणीतरी उभा राहतो आणि मोठ्याने वाचतो. खोली हसते. मी हसलो आहे. दोनदा तरी मीच वाचले आहे, अभिनयासह. त्या पत्रिकेवर नाव नसते, फक्त क्रमांक असतो, असे समाधान आपण करून घेतो. पाटीवरही नाव नव्हते.

ती मुलगी आता मुंबईकडे असते. गणपतीत गावी येते. यंदा विसर्जनाच्या वाटेवर भेटली. पाऊस कसा झाला, मुले काय करतात, एवढे बोलणे झाले. तिला ते आठवते की नाही, हे मी विचारले नाही. विचारणे म्हणजे पुन्हा ती पाटी हवेत हलवून वाळवणे झाले असते.

त्यानंतरच्या सत्रात तपासणीला बसलो होतो. एका पुरवणीच्या शेवटच्या पानावर चार ओळी होत्या. मी त्या वाचल्या. वाचणे टाळता येत नाही. तपासण्याच्या नियमांप्रमाणे जे गुण होते ते दिले. शेजारच्या सहकाऱ्याने विचारले, "काय हो, काही खास?" मी म्हणालो, "काही नाही," आणि पत्रिका मिटून गठ्ठ्यात उपडी ठेवली.